पुणे म्युनिसिपालिटीतील एक विरोधी मत

एप्रिल हा आमच्या चळवळीचा महिना. 11 तारखेला क्रांतिबा जोतीराव फुले यांची जयंती, 14 तारखेला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती. वर्गणीच्या पावत्या फाडल्या जातात, विहारांना रंग लागतो, व्याख्याने ठरतात. याच महिन्याच्या 1 तारखेला आणखी एक गोष्ट सुरू होते, तिच्याकडे मात्र आमच्या कार्यकर्त्यांचे लक्ष नसते. त्या दिवशी आपल्या गावच्या नगरपालिकेचे नवे आर्थिक वर्ष सुरू होते. आपल्या वस्तीत वर्षभर काय होणार आणि काय होणार नाही, हे त्याआधी फेब्रुवारी संपता संपता एका सभेत ठरून गेलेले असते. सभेला आपण नसतो. आपले नगरसेवक असतात, पण तेही बहुधा चहा येईपर्यंतच असतात.

जयंतीच्या व्याख्यानांत जोतीरावांची 1848 ची मुलींची शाळा येते, 1873 चा सत्यशोधक समाज येतो, 'गुलामगिरी' येते. ते आलेच पाहिजे. परंतु हेच जोतीराव 1876 ते 1882 पर्यंत पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते, शहराच्या पैशाचा हिशेब होणाऱ्या सभेत बसत होते, हे किती वक्ते सांगतात? ज्यांनी सांगितले ते एका वाक्यात सांगून पुढे गेले. आम्हाला मात्र वाटते की त्या सात वर्षांत सार्वजनिक पैशाविषयीचे त्यांचे सारे जन्मभराचे शिक्षण उतरले होते. म्हणून हे चरित्र आम्ही यंदा त्या बाजूने सांगणार आहोत.

जोतीरावांचा जन्म 1827 चा. पेशवाई बुडून अवघी नऊ वर्षे झाली होती. घराणे मूळचे गोऱ्हे, सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पेशव्यांच्या दरबाराला फुले पुरवण्याच्या व्यवसायामुळे फुले हे नाव पडले. ज्या शहरात ते वाढले त्या शहराच्या सरकारी पैशाला एक जुनी सवय होती. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, ती लाखांच्या घरात जाई. ती रक्कम येई कोठून? कुणब्याच्या शेतसाऱ्यातून. इंग्रज आले, त्यांनी रक्कम कमी केली पण प्रथा एकदम मोडली नाही. 1849 साली लोकहितवादींसारख्या काही सुधारकांनी सरकारला अर्ज केला, की या दक्षिणेतला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. सनातनी खवळले. अर्ज द्यायला जाणाऱ्या मंडळींवर हल्ला होईल अशी भीती पडली, तेव्हा बावीस वर्षांचे जोतीराव महार-मांग समाजातील सुमारे दोनशे माणसे घेऊन त्यांच्या संरक्षणाला उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात.

आम्हाला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्या घामाचा पैसा त्या फंडात होता, पण ज्यांना त्यातला एक पैसा कधी मिळाला नव्हता, ती माणसे त्या दिवशी फंडाच्या वाटपाच्या प्रश्नावर रस्त्यावर आली होती. अर्जावर त्यांच्या सह्या नव्हत्या आणि मागणीही त्यांच्यासाठी नव्हती. तरी आली. पुढे याच दक्षिणेच्या फंडातून जोतीरावांच्या शाळांना सरकारी मदत मिळू लागली.

शाळांनी त्यांना दुसरा धडा दिला. 1848 ते 1852 या काळात मुलींच्या आणि महार-मांगांच्या शाळा निघाल्या. सावित्रीमाईंनी अंगावर शेण-चिखल झेलून त्या चालवल्या. 16 नोव्हेंबर 1852 रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारने जोतीरावांचा जाहीर सत्कार केला आणि शालजोडी दिली. सर्व काही चांगले चालले होते. मग 1857 चे बंड झाले. शाळांना देणग्या देणाऱ्या युरोपियन लोकांनी हात आखडता घेतला. 1858 च्या सुमारास जोतीराव त्या शाळांच्या कारभारातून बाजूला झाले, आणि पुढे त्या शाळांची स्थिती खालावत गेली. चोवीस वर्षांनी हंटर कमिशनसमोर निवेदन देताना त्यांनी स्वतःच नमूद केले, की महार-मांगांची शाळा अजून आहे, पण तिची स्थिती समाधानकारक नाही.

हे लिहिताना त्यांना काय वाटले असेल? ज्या शाळेसाठी बापाने घराबाहेर काढले, ती शाळा डोळ्यांदेखत खंगत गेली. शिक्षक वाईट होते म्हणून किंवा मुले येत नव्हती म्हणून हे घडले असे नाही. दरसाल हमखास येणारी रक्कम तिच्या नावावर कोठे लिहिलेली नव्हती. देणगी देणारा दयाळू असतो, परंतु त्याचे मन बदलले की शाळेचे दार बंद होते. शिक्षकाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, तो वीस वर्षे द्यावा लागतो. आमच्या समजुतीप्रमाणे जोतीरावांच्या पुढच्या सर्व मागण्यांच्या मुळाशी हा अनुभव आहे.

तिसरे शिक्षण कंत्राटदारीचे. जोतीराव सरकारी मदतीवर जगणारे समाजसुधारक नव्हते. ते कंत्राटदार होते. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांचा व्यवसाय जोडलेला होता. दगड किती लागतो, चुना किती लागतो, मजुराला खरे किती दिले जातात आणि कागदावर किती लिहिले जातात, हे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. इंजिनियर खात्यातील गोरे साहेब आणि त्यांच्या हाताखालचे भट कामगार मिळून रयतेचा पैसा कसा खातात, हे त्यांनी आपल्या लिखाणात निर्भीडपणे मांडले. इस्टिमेट वाचता येणारा समाजसुधारक त्या काळात किती होते ते अभ्यासकांनी सांगावे. आम्हाला तरी आजच्या काळात फार दिसत नाहीत.

अशी ही व्यक्ती 1876 साली पुणे म्युनिसिपालिटीत गेली. त्या वेळचे पुणे आजचे पुणे नव्हे. सुमारे लाखभर वस्तीचे शहर, म्हणजे आज आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणची नगरपालिका असते तेवढे. म्युनिसिपालिटी 1857 साली स्थापन झाली होती. सभासद निवडून येत नसत, सरकार नेमत असे. साहेब अधिकारी, सरदार, सावकार, वकील, पेन्शनर अशी मंडळी त्यात असत. ज्याने नेमले त्याच्या शब्दाबाहेर जायचे नाही, हा अशा सभांचा अलिखित नियम असतो. म्युनिसिपालिटीचे मोठे उत्पन्न म्हणजे जकात. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर कर बसे. भाजीपाल्याची गाडी घेऊन येणारा माळी, कडबा आणणारा कुणबी तो भरत असे, आणि अखेरीस तो भार बाजारातून विकत घेणाऱ्या गरिबाच्या पदरात पडे. ज्यांच्या पेठा स्वच्छ, ज्यांच्या वाड्यांत पाणी, ते सभेत बसत. ज्यांचे पैसे, ते नाक्यावर उभे असत. जोतीराव मात्र नाक्यावरच्या माणसांतून आलेले होते. त्यांची मांजरीला शेती होती, फुलांचा-भाजीचा धंदा घरातला होता.

सभासद झाल्यावर लगेच दुष्काळ आला. 1876 आणि 1877 चा तो दुष्काळ दख्खनच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे. माणसे आणि गुरे रस्त्यावर मरत होती. जोतीरावांनी आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांच्या अन्नाची सोय केली, आणि मे 1877 मध्ये लोकांना मदतीचे आवाहन करणारे पत्रक काढले. त्याच साली 1 जानेवारीला दिल्लीत व्हाईसरॉय लॉर्ड लिटन यांनी प्रचंड दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले होते. दख्खनमध्ये उपासमार आणि दिल्लीत मेजवान्या. तो दरबार जोतीराव विसरले असतील असे आम्हाला वाटत नाही.

कारण याच लिटनसाहेबांच्या पुणे भेटीचा विषय म्युनिसिपालिटीपुढे आला. त्यांच्या स्वागताप्रीत्यर्थ म्युनिसिपालिटीच्या तिजोरीतून एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव अध्यक्षांनी ठेवला. हजार रुपये ही त्या काळात थोडी रक्कम नव्हती. चांगल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाला महिना किमान बारा रुपये तरी मिळावेत, अशी मागणी जोतीराव पुढे हंटर कमिशनकडे करणार होते. त्या हिशेबाने हजार रुपयांत सहा शिक्षकांचा वर्षाचा पगार होऊन वर काही उरले असते. हा गुणाकार-भागाकार आमचा आहे, पण आकडे त्यांचेच आहेत. हा पैसा शिक्षणावर खर्च करावा, असे म्हणून जोतीरावांनी प्रस्तावाला विरोध केला. बत्तीस सभासदांच्या त्या सभेत विरोधी मत एकच पडले, ते त्यांचे.

वाचकांनी या ठिकाणी जरा थांबावे. सरकारने नेमलेला सभासद, सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागताला विरोध करतो. त्याचा धंदा सरकारी कंत्राटांचा. त्याच्या शाळांना एके काळी सरकारचीच मदत झालेली. इंग्रजी राज्यामुळे शूद्रातिशूद्रांना शिक्षणाचे दार उघडले असे जाहीरपणे मानणारा हा माणूस होता, आणि त्यासाठी त्याला इंग्रजधार्जिणा म्हणून हिणवणारे पुढे पुष्कळ निघाले. त्या सभेत मात्र देशभक्त म्हणवणारेही बसले होते आणि त्यांचे हात मंजुरीसाठी वर झाले. मत हरले, ठराव झाला, हजार रुपये खर्च झाले. पण नोंद राहिली.

आम्ही व्यवसायाने वकील असल्यामुळे नगरपालिकांची इतिवृत्ते वाचण्याचा योग वारंवार येतो. त्यांत सर्वांत अधिक वेळा येणारा शब्द कोणता, तर सर्वानुमते. रस्ता सर्वानुमते, ठेका सर्वानुमते, मुदतवाढ सर्वानुमते. मागासवर्गीय कल्याणाचा निधी दुसरीकडे वळवला तोही सर्वानुमते, आणि त्या सर्वांत आपले चार-पाच जण असतात. आमच्या एका मित्राने, जो दोनदा नगरसेवक झाला, खाजगीत कबूल केले की विरोध नोंदवला तर प्रभागातली कामे अडतात. अडत असतील. जोतीरावांची अडली नसतील काय? त्यांना तर पुढच्या कंत्राटाचीही काळजी असणार.

विरोध करणारा माणूस फक्त खर्चच नाकारत बसतो असा एक आरोप असतो. जोतीरावांनी उत्पन्नाचाही विचार केला. जुलै 1880 मध्ये त्यांनी म्युनिसिपालिटीच्या व्यवस्थापक समितीचे प्रमुख प्लंकेट यांना पत्र लिहून शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांना हरकत घेतली. दारूपासून लोकांच्या आरोग्याची आणि नीतीची हानी होते, कुटुंबे उद्ध्वस्त होतात, आणि या दुकानांवर म्युनिसिपालिटीने कर मात्र बसवलेला नाही, हा त्या पत्राचा रोख होता. गरिबाच्या भाजीच्या गाडीवर जकात आणि गुत्त्याला मोकळीक, ही विसंगती जकात भरणाऱ्यांतून आलेल्या माणसालाच दिसणार.

मग आला मंडईचा प्रश्न. शुक्रवार पेठेत एक भव्य मंडई बांधावी असे म्युनिसिपालिटीने मनावर घेतले. भाजीबाजार उघड्यावर भरत होता, त्याला छप्पर हवे, यात चूक काहीच नव्हते. शिवाय जोतीराव स्वतः माळी, भाजी विकणारे त्यांच्याच समाजाचे. साधा हिशेब करणाऱ्या पुढाऱ्याने या योजनेला टाळ्या वाजवल्या असत्या आणि कोनशिलेवर नाव कोरून घेतले असते. जोतीरावांनी विरोध केला. शहरातील गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय नसताना एका इमारतीवर एवढा मोठा खर्च करू नये, तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, अशी त्यांची भूमिका होती. ती मानली गेली नाही. पुढे मंडई झाली, 1886 साली झाली, अष्टकोनी, उंच मनोऱ्याची, आणि तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले.

मंडईला विरोध करण्यात जोतीरावांची चूक झाली असे म्हणणारे अभ्यासक आहेत. आजही त्या इमारतीत भाजी विकली जाते, हजारो कुटुंबे तिच्यावर जगली, असे ते म्हणतात. आम्ही हे म्हणणे झिडकारत नाही. मंडई वाईट होती असा आमचा दावा नाही. प्रश्न क्रमाचा आहे. नगरपालिकेच्या बजेटात दोन प्रकारचा खर्च असतो, एक भांडवली आणि दुसरा महसुली. इमारत, कमान, पुतळा, चौकाचे सुशोभीकरण हा भांडवली खर्च. तो एकदा होतो, त्याचे उद्घाटन होते, त्याचा ठेका निघतो आणि ठेक्यात जे निघायचे ते निघते. शिक्षकाचा पगार, सफाई कामगाराचा पगार, दवाखान्यातली औषधे, नळाची दुरुस्ती हा महसुली खर्च. त्याला फीत कापता येत नाही. म्हणून कोणत्याही काळातली कोणतीही नगरपालिका, वरून कोणी दाबले नाही तर, पहिल्याकडे झुकते. त्यातही गंमत अशी की बांधलेली इमारत गप्प बसत नाही. दरसाल तिची डागडुजी, दिवे, पहारेकरी यांचा खर्च महसुली बाजूला येऊन बसतो, आणि शाळेचा वाटा आणखी आक्रसतो. पाच-दहा वर्षांचा विचार करून बजेट करायचे तर आधी दरसालचे कायम खर्च बांधून घ्यावे लागतात, मग उरलेल्यात काय बांधायचे ते ठरवावे लागते. ज्याने आपली शाळा देणग्या आटून खंगताना पाहिली, त्याला हे कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

म्युनिसिपालिटीतील शेवटच्या वर्षी त्यांनी हा विचार एका शहरापुरता न ठेवता साऱ्या इलाख्यासाठी मांडला. हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनाची तारीख 19 ऑक्टोबर 1882. ते आपण सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी ओळखतो. ते पुन्हा वाचताना आम्हाला तो एक अर्थसंकल्पच वाटला. सरकारचे उत्पन्न बहुतांशी रयतेच्या श्रमातून येते आणि शिक्षणखात्याचा खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, इथून ते सुरुवात करतात. मग नुसती तक्रार करून थांबत नाहीत, पैसा कोठून काढायचा ते सांगतात. शेतसाऱ्यावर रुपयाला एक आणा लोकल फंड घेतला जात असे. त्यातला एक तृतीयांश शिक्षणाला आणि बाकीचा रस्ते वगैरे कामांना, अशी वाटणी होती. जोतीरावांनी निम्मा भाग केवळ प्राथमिक शिक्षणासाठी मागितला. मोठ्या शहरांत म्युनिसिपालिटीने आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा असे सांगितले. शिक्षकाचा पगार किती असावा, शिक्षक कोणत्या समाजातले असावेत, अभ्यासक्रमात शेती आणि आरोग्याचे ज्ञान असावे, इथपर्यंत ते उतरले. सहा-सात वर्षे बजेटाच्या सभांत बसलेला माणूसच असे निवेदन लिहू शकतो.

पुढच्याच वर्षी, 1883 साली, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. त्यात म्युनिसिपालिटीची जकात आहे, लोकल फंड आहे, सरकारी कामगारांचे पगार आणि पेन्शने आहेत. पावसाचे पाणी वाहून जाऊ नये म्हणून ताली-बांध घालावेत आणि त्या कामी रिकाम्या वेळी लष्कर व पोलीस लावावेत, अशीही सूचना आहे. जमा कोणाकडून होते आणि खर्च कोणावर होतो, हा प्रश्न त्या ग्रंथात पानोपानी आहे.

शेवटची वर्षे आम्ही थोडक्यात सांगतो, कारण ती वाचकांना पाठ आहेत. 1888 च्या मे महिन्यात मुंबईत जाहीर सभेत त्यांना महात्मा ही पदवी दिली गेली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला, तरी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहिला. पैशाची चणचण होती, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी मदत केली. एके काळी धरणाच्या कामावर दगड-चुना पुरवणारा हा कंत्राटदार 28 नोव्हेंबर 1890 रोजी गेला, तेव्हा घरात संपत्ती उरलेली नव्हती.

पण पुणे म्युनिसिपालिटीशी त्यांचा संबंध मृत्यूने संपला नाही. 1925 साली केशवराव जेधे यांनी जोतीरावांचा पुतळा उभारण्याचा ठराव त्याच म्युनिसिपालिटीत आणला. टिळकपंथी सभासदांनी तो होऊ दिला नाही आणि जोतीरावांची निंदानालस्तीही केली. त्या संतापातून दिनकरराव जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघाले, खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षा झाल्या. अपिलात आरोपींच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर भीमराव आंबेडकर, आणि 1926 साली सर्व निर्दोष सुटले. आम्हा वकील मंडळींना या खटल्याचा विशेष अभिमान आहे.

1925 याच साली बाबासाहेबांचा आणखी एक ग्रंथ प्रसिद्ध झाला होता, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा. केंद्राकडून प्रांतांना पैसा कसा मिळत गेला, त्याचे टप्पे त्यांनी त्यात पाडले आहेत. त्यांतला मधला टप्पा, ज्यात प्रांतांना ठराविक महसुलाच्या बाबी नेमून दिल्या गेल्या, 1877 ते 1882 चा आहे. म्हणजे जोतीराव ज्या वर्षांत पुण्याच्या सभागृहात एकटे हात वर करत होते, नेमक्या त्याच वर्षांचे हिशेब त्यांचा हा शिष्य पुढे परदेशातल्या ग्रंथालयांत बसून तपासत होता. हा योगायोग असेल. गुरू-शिष्यांपैकी एकाने नगरपालिकेची आणि दुसऱ्याने साम्राज्याची तिजोरी उघडून पाहिली, आणि आपण मात्र दोघांच्या फोटोंना हार घालताना त्यांच्या हातातल्या वह्यांकडे पाहत नाही.

त्या मंडईचे काय झाले? आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई झाले. ज्या इमारतीवरच्या खर्चाला त्यांनी विरोध केला, तिलाच त्यांचे नाव लागले. अत्र्यांची भावना चांगली होती, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

आता आमच्याकडची एक हकीकत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण ते गाव आपलेही असू शकते. एका तालुक्याच्या नगरपालिकेचे अंदाजपत्रक आम्ही माहितीच्या अधिकारात मागवले. शासनाच्या आदेशाप्रमाणे मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम ठेवावी लागते, तशी ती कागदावर ठेवलेली होती. मागच्या दोन वर्षांची रक्कम खर्चच झाली नव्हती. यंदा ती कशासाठी दाखवली होती, तर गावाच्या वेशीवर क्रांतिबा फुले यांच्या नावाने कमान. त्याच गावात आपल्या वस्तीला लागून नगरपालिकेची प्राथमिक शाळा आहे. चार वर्गांना दोन शिक्षक, पावसाळ्यात एक खोली बंद. कमानीच्या ठरावाचे सूचक आणि अनुमोदक दोघेही आपलेच. विरोध केला तर फुल्यांना विरोध केल्यासारखे दिसेल, हे ठराव लिहिणाऱ्याला चांगले माहीत होते.

आम्ही हरकतीचा अर्ज दिला. संविधानाच्या 74 व्या दुरुस्तीने, म्हणजे 1993 पासून, नगरपालिकांना आर्थिक विकास आणि सामाजिक न्याय यांच्या योजना तयार करण्याचे काम सोपवता येते आणि बाराव्या अनुसूचीत दुर्बल घटकांच्या हितरक्षणाचा विषय आहे, हे लिहिले. अर्जापेक्षा महत्त्वाचे म्हणजे वस्तीतल्या बायका बजेटाच्या सभेला प्रेक्षक म्हणून येऊन बसल्या. सभा जनतेला खुली असते, हे त्यांना आधी कुणी सांगितले नव्हते. कमानीचा विषय आला, अध्यक्षांनी मंजूर, मंजूर असे दोनदा म्हटले, आणि पहिल्यांदाच निवडून आलेल्या आपल्या एक ताई उभ्या राहिल्या. बाबासाहेबांचे नाव घेतले नाही, फुल्यांचेही घेतले नाही. शाळेला तिसरा शिक्षक आणि छपराची दुरुस्ती आधी घ्या, एवढे म्हणाल्या, आणि माझे मत विरोधात लिहा असे सांगून खाली बसल्या.

ठराव मंजूर झाला. सभेनंतर इतिवृत्त लिहिणारा लिपिक आमच्याजवळ आला. इतकी वर्षे ही वही लिहितोय, पण विरोधी मत कसे नोंदवायचे ते कधी लिहावे लागले नाही, नमुना सांगता का, असे त्याने विचारले. आम्ही त्याच्याच पेनाने कागदाच्या कडेला नमुना लिहून दिला.